राखणदाराची शर्यत

त्या दुष्काळात जळकोटच्या आसपास हिरवं म्हणून राहिलं होतं ते फक्त सोसायटीच्या द्राक्षबागेत, आणि त्या बागेला राखणदार हवा होता. चेअरमन नानासाहेबांनी दवंडी पिटवली, "बागेपासनं डोंगर चढायचा, जंगलातनं वळसा घालून परत यायचं. शर्यत बघूनच राखणदार ठेवणार."

मच्छिंद्रची बायको चांगुणा सातव्या महिन्यातही दुष्काळी कामावर खडी फोडत होती. "आजपासनं तुझा हातोडा सुटला म्हणून समज," असं तिला सांगूनच तो शर्यतीला उभा राहिला.

आणि मग काय पळाला म्हणता! जंगलातल्या सशांनी वाट सोडली, त्याची स्वतःची सावली डोंगरावरच धापा टाकत बसली. त्यानं बागेच्या फाटकाला हात लावला तेव्हा बाकीचे अजून चढच चढत होते. सगळ्यांत शेवटी, दिवस कलल्यावर, गुडघ्यातनं गेलेला आबाराव लंगडत लंगडत आला.

नानासाहेबांनी राखणदाराची काठी उचलली आणि आबारावच्या हातात दिली.

"अवो नानासाहेब, पयला तर म्या आलो!" मच्छिंद्र रडकुंडीला आला.

"व्हय की, समद्या गावानं बघितलं," नानासाहेब मिशीतल्या मिशीत हसले.

 

"पण उद्या तूच द्राक्षं घेऊन पळालास, तर तुला धरायचं कुणी?"