राहिलेली फाइल

"काका, पॅचची फाइल जोडायची पुन्हा राहिली," वैजयंतीनं कंटाळून लिहिलं. लिनक्स या संगणकप्रणालीसाठी सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधणाऱ्या स्क्रिप्ट लोक हौसेनं पाठवायचे आणि त्या तपासता तपासता तिचा जीव मेटाकुटीला यायचा. स्क्रिप्टमध्ये पॅचच्या, म्हणजे दुरुस्तीच्या फाइलचं नाव असायचं. फाइल मात्र पाठवणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर राहिलेली. कुडाळचे केळुसकरकाका तर दरवेळी विसरायचे आणि वर लिहायचे, "माझ्याकडे चालता गो! तू जेवलंस काय?"

शेवटी वैतागून तिनं एक प्रोग्रॅमच लिहिला. फाइल नसली की तो आपोआप ओळखायचा आणि स्क्रिप्ट लाल शेरा मारून परत पाठवायचा. त्यानंतर तिला कुणाचा निरोप म्हणून आला नाही. सुटले एकदाची, असं ती स्वतःला बजावत राहिली.

तरी काकांची स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा येतच होती, फाइलीशिवाय. तिनं न राहवून फोन लावला.

"काका, कुठली फाइल नाही ते तो प्रोग्रॅम सांगतोय ना?"

"सांगता गो. पण तेका कसा इचारू, जेवलस काय म्हणान?"

दुपार केव्हाच कलली होती. "नाही जेवले, काका," ती म्हणाली.