तिसरा पुकारा

अतिदक्षता वॉर्डाच्या भिंतीवरच्या पडद्यावर कोर्ट सुरू झालं, तेव्हा यशोदाबाई खाली चहा आणायला गेल्या होत्या. त्यांचा मुलगा आणि शेजारच्या खाटेवरचा कुंदाचा नवरा, दोघांचेही अर्ज होते आणि मोकळं झालेलं कृत्रिम यकृत एकच होतं. उपचार हा हक्क ठरल्यापासून असं यंत्र डॉक्टरांच्या हाती उरलं नव्हतं; कोर्टाचा हुकूम झाला की त्याचं कुलूप आपोआप उघडे. न्यायाधीशही आता माणूस नव्हता. नाव तीनदा पुकारायची जुनी पद्धत तेवढी राहिली होती.

“दिगंबर तायडे.”

“हजर,” नवऱ्याच्या उशाशी बसलेली कुंदा म्हणाली.

“रोहिदास खंडारे.”

रोहिदास शुद्धीवर नव्हता. ‘त्याची आई खाली गेलीय, येतेय,’ एवढं कुणीही सांगितलं असतं तरी कोर्ट थांबलं असतं. तसा नियमच होता. ‘जाऊन या निवांत, मावशी, आपल्याला वेळ आहे,’ असं कुंदाच म्हणाली होती. तेव्हा तिला खरंच तसं वाटलं होतं.

“रोहिदास खंडारे.”

कुंदाने दिगंबरचा पिवळा पडलेला हात हातात घेतला.

“रोहिदास खंडारे. गैरहजर. अर्ज फेटाळला.”

कुलूप उघडलं. नर्स यंत्र दिगंबरच्या खाटेकडे ढकलू लागली, तेवढ्यात यशोदाबाई दोन कागदी कप सांभाळत आत आल्या.

“हा तुझा, बिनसाखरेचा,” त्या म्हणाल्या. “पुकारा झाला का गं आपला?”

कुंदाने दोन्ही हातांनी कप घेतला.