चढावरचा आराम

“तू उद्याच्या बसने घरी जा. समुद्र मी बघून येतो,” लॉजच्या पलंगावर पाय ताणत नवऱ्याने जाहीर केलं. बायको त्याची पँट वाळत घालत होती. लांबच्या सायकल प्रवासातला तो विश्रांतीचा दिवस होता.

समुद्र खरं तर तिचा होता. घरून निघायचं आणि सायकलचं पुढचं चाक थेट समुद्राच्या पाण्यात बुडवायचं, हे खूळ तिच्याच डोक्यातलं. पण खूळ तिचं असलं तरी पुढारीपण त्याच्याकडे. पुढाऱ्याला वाट बघून ठेवावी लागते, म्हणून तो हलका हवा. त्यामुळे त्याच्या सायकलवर नकाशा, कॅमेरा आणि एक शिट्टी. तंबू, स्टोव्ह, पातेली, पाने-पकडी, पंप आणि त्याच्या गुडघ्याचं मलम एवढाच किरकोळ ऐवज तिच्याकडे.

साहजिकच प्रत्येक चढ तो आधी चढायचा. सावली बघून बसायचा, पाणी प्यायचा, फोटो काढायचा. कधी एखादी डुलकीही व्हायची. मग घामाने निथळत ती वर पोचली, की हा ताजातवाना उठायचा.

“आलीस? किती वेळ लावतेस! चल.”

“अहो, जरा बसू तर द्या,” ती म्हणायची. तोवर शिट्टी वाजलेली असायची. बिचाऱ्याचा निम्मा प्रवास तिची वाट बघण्यात गेला होता, आणि हे दुःख तो भेटेल त्याला सांगत होता.

आता तो मोठ्या मायेने म्हणाला, “तुझ्याने होत नाही गं. सामानही घरी ने. मी सुटसुटीत जाईन, लॉजमध्ये राहीन. तुझी सायकल आत्ताच स्टँडवर पोचवून येतो. तू आज आराम कर.”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतक्या जवळ येऊन समुद्र हातचा जाणार होता. नवऱ्याला वाटलं, आरामाच्या कल्पनेने गहिवरली.

स्टँड उताराच्या तळाशी होता. तिची लादलेली सायकल अशी सुसाट सुटली की, ही बाई उगीच कुरकुरते याची त्याला खात्रीच पटली. त्याने ऐटीत तिकीट काढलं. सायकल मात्र खिडकीतल्या माणसाने घेतली नाही.

“उद्या आणा. प्रवासी हजर असेल तरच टपावर चढते,” तो म्हणाला आणि पुन्हा आपल्या जेवणाच्या डब्याकडे वळला.

मग तोच उतार चढ झाला. पहिल्या वळणावर नवरा खाली उतरला आणि सायकल ढकलू लागला. पुढच्या वळणावर त्याने सायकलला शिव्या दिल्या. त्याच्या पुढच्या वळणावर मागच्या चाकात काय अडकलंय ते वाकून पाहिलं. काहीच अडकलं नव्हतं. वर पातेली होती, तंबू होता, आणि तळाशी त्याचंच मलम होतं. ऊन कलायला लागलं तेव्हा तो कसाबसा लॉजच्या फाटकाशी पोचला.

बायको फाटकाजवळ झाडाखाली बसली होती. जेवून, झोपून, केस धुऊन. शेजारी त्याची सायकल उभी होती, मागे बायकोच्या कपड्यांची पिशवी बांधलेली. शिट्टी तिच्या गळ्यात होती. तो दिसताच ती ताजीतवानी उठली.

“आलात? किती वेळ लावलात!” तिने सायकलवर टांग टाकली.

“अगं, जरा बसू तर दे!” त्याच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले.

“बसा की निवांत. समुद्र मी बघून येते,” ती म्हणाली. “तिकीट आहेच तुमच्या खिशात.”

आणि शिट्टी वाजली.