साडेनऊला फोडलेली बाटली

"बाटली फोडून चार तास होऊन गेले, भाऊ. आता हिला लस देता येत नाय."

मनाल सिस्टरनं हे सांगितलं खरं, पण सांगताना तिलाच रडू फुटायचं बाकी होतं. समोर गोरख उभा होता, कडेवर त्याची चौदा महिन्यांची लेक समृद्धी. मंचरला शेतीच्या औषधांचं दुकान चालवणारा हा गडी तीन महिने मनालला दाद देत नव्हता. कळंबमधल्या त्याच्या घराचा उंबरा तिनं झिजवला होता. टोचल्यावर ताप येतो पण उतरतो, सांगून झालं. गोवर छातीत उतरला तर काय होतं, तेही सांगून झालं. लस तपासूनच येते म्हटलं, की हा हसायचा. "सरकारी शिक्क्याचं मला नगा सांगू."

गेल्या आठवड्यात त्याच्याच आळीत दोन पोरांना गोवर निघाला, तेव्हा कुठे आज पठ्ठ्या दुकान बंद करून अंगणवाडीत आला. आला तोही पावणेदोनला! गोवराच्या लसीत पाणी मिसळलं की चार तासांत ती संपवायची, उरली तर टाकायची. बाटलीवर मनालच्याच अक्षरात साडेनऊची वेळ होती. दुसरी बाटली आज नव्हती.

"पंधरा मिनटांनी काय व्हतंय?" गोरख म्हणाला. "हाय की अजून आत."

होती. तीन पोरांना पुरेल एवढी होती. विचारणारं कुणी नव्हतं. मदतीला बसलेली आशाताईसुद्धा डोळ्यांनी खुणावत होती, टोचा आणि मोकळ्या व्हा. आज हा माघारी गेला तर पुन्हा येईल कशाला? मनालला त्याचा राग आला, घड्याळाचा आला, सगळ्या नोकरीचाच आला.

"नाय भाऊ. वेळ टळली की त्यात जंतू वाढू शकतात. पोरीच्या जिवावर बेतंल. पुढच्या गुरुवारी आणा."

तिनं बाटलीवर काट मारली आणि ती बाजूला ठेवली. गोरख जागचा हलला नाही. आता हा गावभर बोंब मारणार, तीन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली, असं धरून ती सामान आवरू लागली.

"गुरुवारी पहिला नंबर समृद्धीचा लिवा," तो म्हणाला.

तिनं चमकून वर पाहिलं. तो खाली बघत होता.

"तारीख उलटलेली औषधं मी शिक्का दाखवून खपवलीत, सिस्टर. मला वाटायचं, समदेच खपवत्यात."