सोमवारची ताडपत्री

गोव्यातल्या सुर्ल्याच्या अरुंद रस्त्यावर वत्सलामावशी सूप घेऊन खनिजाच्या ट्रकांसमोर उभी राहिली. सुपात तिने अंगणात वाळवलेली कोकमाची सोलं होती, लाल धुळीने माखलेली. यंदाची सगळी कमाई. पहिला ट्रक थांबला. ड्रायव्हर कायतान खाली उतरला. "खा," मावशी म्हणाली. त्याने एक सोल तोंडात टाकलं. दातांखाली माती करकरली. "चुकलं, मावशे," म्हणत त्याने ताडपत्री काढली आणि उघडा माल झाकायला घेतला. मागच्या ट्रकांचे भोंगे वाजू लागले, ड्रायव्हर ओरडले. "खेप बुडतली! पाद्री झालंस काय रे?" "मिसाक काल चर्चीत गेल्लों," कायतान ओरडला, "सोमार म्हणून देव निजलो काय?" दोरी आवळून तो बैलगाडीच्या वेगाने निघाला, मागच्यांनाही तसंच सरकावं लागलं. धूळ उडाली नाही. मावशीने जाणाऱ्या ट्रकला हात जोडले. मागच्या ड्रायव्हरला वाटलं, ते हात आपल्यालाच जोडलेत. ओशाळून त्याने भोंग्यावरचा हात काढला.