निवलेला सूर्य

रेडिओतून माणसाचा आवाज आला आणि राहीबाई चटकन उभी राहिली.

१९४४ सालचा चैत्र. सांगलीच्या आदगोंडा शेटजींच्या सोप्यात दिवस मावळायच्या सुमाराला सगळे रेडिओभोवती बसले होते. इटलीच्या लढाईवरचे शिपाई घरच्यांशी दोन शब्द बोलणार, आज आकारामची पाळी, असा सांगावा आला होता. आकाराम राहीबाईचा नवरा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो पलटणीत गेला, त्याला चार वर्षं झाली. त्याचा चेहरा तिला आठवे. आवाज मात्र अलीकडे आठवेनासा झाला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

ती दिराबरोबर बैलगाडीनं आली होती. सयाजी पलटणीत बिनतारी यंत्रावर होता, पायाला गोळी लागून घरी परतलेला. रेडिओची कळ तोच फिरवत होता.

"मी आकाराम..."

एवढंच आलं. हा आवाज त्याचाच का, हे ओळखायच्या आत तो लांब लांब गेला आणि नुसती खरखर उरली. सयाजीनं पुष्कळ खटपट केली. शेवटी हात मागं घेतला.

यंत्र बिघडलं का, असं शेटजींनी विचारलं. सयाजी म्हणाला, यंत्र धड आहे. सूर्यावर काळे डाग असतात. ते वाढले की सूर्य जोरात असतो. औंदा डागच नाहीत, सूर्य निवलाय. ढगांच्याही फार वर हवेचा एक थर त्याच्या जोरावर टिकतो, आणि लांबून आलेली रेडिओची लहर त्याला आपटून खाली येते. आता थर विरळ झालाय. दिवस कलला की लहर खाली वळतच नाही.

दुपारी याच सूर्यानं वाटेत राहीबाईचं डोकं भणभणलं होतं. तो निवलाय, हे तिला पटेना.

"मग भावजी, ह्यांचं बोलणं गेलं कुठं?"

"वर. आरपार."

"तिथं कशाला अडतं का?"

"न्हाई, वयनी. जातच ऱ्हातं."

राहीबाई अंगणात आली. मावळतीला अजून थोडा तांबूस उजेड होता. सयाजी गाडी जुंपायला गेला. ती एकटीच उभी राहिली. वर बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बोला," ती हळूच म्हणाली, "ऐकतीया मी."