केकचं कुपन

हाँगकाँगच्या शाम शुई पो वस्तीतल्या स्वस्त बेकरीत विधवा लामबाई चिमट्यानं बन उचलून ट्रेमध्ये ठेवत होत्या. शेजारच्या यिपबाईंनी नेहमीसारखं डिवचलंच, "माझ्या तिन्ही मुलींची लग्नं ठरली तेव्हा मी केकची कुपनं वाटली. तू सगळे केक हादडलेस. तुझी सिउलिंग कधी उजवणार? पस्तिशी उलटली की तिची!"

लामबाईंनी पिशवीतून केकचं लाल कुपन काढून त्यांच्या हातात दिलं.

"अगंबाई! नवरामुलगा कोण?"

लामबाईंनी चिमटा भट्टीकडे वळवला. तिथे पिकल्या मिशांचे क्वोकमास्तर अंड्याचे टार्ट बाहेर काढत होते.

"हा? अगं, पोरीच्या बापाच्या वयाचा आहे हा!"

"म्हणून तर," लामबाई लाजल्या, "बाप म्हणूनच पसंत केलाय तिनं."